पान एकेचाळीस

कार्डिफच्या गोदीजवळच्या आमच्या वाचनालयात
गुरुवारचं काम ठरलेलं:
परत आलेली पुस्तकं उघडायची
आणि समासातली पेन्सिल खोडायची.
रात्रीपर्यंत बोटांना रबराचा वास राहतो,
पावालाही लागतो.

सगळ्यात जास्त खोडावं लागतं 'मिठाचे नकाशे'.
सात खंड. दुसऱ्याचा कणा तीनदा शिवलाय.
वाचणारे त्यात भांडतात, कधीही न भेटता,
वर्षानुवर्षं,
शेजाऱ्यांनी मधल्या भिंतीवर ठोकावं तसे.

पान एकेचाळीस. वादळ ओसरलंय.
इल्वा सुकाणूवर हात ठेवते, आणि लेखिका सांगते
की तो हात ओल्या अक्रोडाच्या सालीच्या रंगाचा होता.
अर्धं वाक्य. लगेच पुढे वारा, शीड, देवमासे.

त्या अर्ध्या वाक्याखाली रेघ
आणि बाजूला, शिकाऊ अक्षरात: मी!
त्याखाली तिरपं, मास्तरी वळणाचं: ही केवळ उपमा आहे.
तिसरा: मुखपृष्ठ बघा.
चौथा: मुखपृष्ठ काढणाऱ्यानं पुस्तक वाचलं होतं का?
आणि पाचवा, ज्याला जेवायची घाई असावी:
तिकडे जहाज बुडतंय, तुम्ही रंग काय बघत बसलाय.

मुखपृष्ठावरची इल्वा लोण्याची आहे.
उन्हात तिचं काय झालं असतं, देव जाणे.

शनिवारी वरच्या खोलीत मंडळी जमतात.
एमरिस प्यू कप्तानाचा झगा घालून येतो,
बायकोनं शिवलेला. ती गेली, अस्तर उसवतंय,
तो कुणाला सुई लावू देत नाही.
सातही खंड त्याला पाठ, कानामात्रेसकट.

त्या शनिवारी उबाह आली. तेरा वर्षांची.
तिचे पणजोबा बर्बेराहून
बोटीच्या भट्टीत कोळसा टाकत इथवर आलेले.
पितळी बटणांचा कोट, निळा हिजाब,
कमरेला इल्वाचं नाविक यंत्र म्हणून
कंपासपेटीतलं कर्कटक.
कुणीतरी म्हणालं, छान झालंय हं, पण इल्वा तशी नव्हती.
त्या 'पण'नंतरची शांतता
मी कपबशा वाजवून भरून काढली.

ती म्हणाली, मिस्टर प्यू, वादळानंतरचं म्हणा ना.
तो उभा राहिला, डोळे मिटले.
वादळ ओसरलं. इल्वानं सुकाणूवर हात ठेवला.
आणि थेट शिडावर गेला.
मधलं राहिलं, उबाह म्हणाली.
मध्ये काही नाही, पोरी.
तो खोटं बोलत नव्हता. तेच तर.

मंगळवारी आला, झग्याशिवाय, केवढासा दिसत होता.
स्वतःची प्रत काउंटरवर ठेवली, उघडी.
"आहे," म्हणाला.
छत्री विसरून गेला.

डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, असं म्हणतात.
कुणाचं असतं ते कातडं?
मीही अकराव्या वर्षी हे वाचलं होतं,
पांघरुणात बॅटरी लावून,
आणि इल्वाला देऊन टाकलं होतं माझंच नाक,
माझी लाल वेणी, गालावरचे माझे ठिपके.
कुणी हरकत घेतली नाही.
समासात 'मी' लिहावं लागलं नाही मला,
अख्खं पुस्तकच
न विचारता माझं झालेलं.

आज गुरुवार.
उपमा गेली. मुखपृष्ठ गेलं.
चौथा प्रश्न मला आवडायचा; नियम म्हणजे नियम, तोही गेला.
बुडतं जहाज खोडताना कागद जरा फाटला.

मग वहीत नोंद केली:
दुसरा खंड, पान ४१, एक अक्षर शिल्लक.
शाईचं आहे, निघत नाही.

पेन्सिलच होती.